परदेशातलं झेंडावंदन: दोन देशांचे झेंडे लावताना

15 ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी लंडन, न्यू जर्सी, मेलबर्न, डब्लिन अशा कितीतरी ठिकाणी मराठी माणसं झेंडावंदनाला जमतात. काठी भाड्याची, मैदान पालिकेचं, लाडू कुणाच्या तरी घरचे. पूर्वी काळजी असायची ती पावसाची. आता तेवढ्यावर भागत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या गावागावांत दिव्याच्या खांबांवर ब्रिटनचा युनियन जॅक आणि इंग्लंडचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस असलेला झेंडा लावण्याची लाट आली. काही कौन्सिलांनी ते झेंडे उतरवले. हे देशप्रेम आहे की बाहेरून आलेल्यांना दिलेला इशारा, यावर घराघरांत वाद झाले. ऑस्ट्रेलियात 31 ऑगस्ट 2025 ला स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकांत भारतीयांचं नाव घेऊन आकडे दिले होते. डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाल्यावर त्याच ऑगस्टमधला ‘इंडिया डे’ पुढे ढकलावा लागला.

म्हणून तिरंगा कपाटात ठेवावा असं मुळीच नाही. 22 ऑगस्ट 1907 रोजी मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला भारताचा झेंडा उभारला तोही परक्याच भूमीवर, आणि तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात जपलेला आहे. पण दुसऱ्याच्या देशात आपला झेंडा लावायचा तर त्या देशाच्या झेंड्याची जागा आधी ठरवावी लागते. बहुतेक मंडळांच्या चुका नेमक्या तिथे होतात, आणि त्या चुकांचेच फोटो पुढे फिरतात.

कोणता झेंडा कुठे

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी. कुणीतरी भारताची ध्वजसंहिता वाचून येतो. तिच्यात लिहिलेलं असतं की इतर देशांच्या झेंड्यांबरोबर एका रांगेत असताना तिरंगा सर्वांत उजवीकडे असावा. मग तो तसाच लावला जातो. हा नियम भारतात लावण्यासाठी आहे. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत मानाची पहिली जागा त्या त्या देशाच्या झेंड्याची असते.

डावं-उजवं यात हमखास गोंधळ होतो, कारण नियम झेंड्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूबद्दल बोलतात आणि लावणारा माणूस समोरून पाहत असतो. म्हणून लक्षात ठेवायचं ते प्रेक्षकांच्या बाजूने: प्रेक्षकांत उभं राहून पाहिलं की डावीकडे यजमान देशाचा झेंडा आणि त्याच्या शेजारी उजवीकडे तिरंगा. व्यासपीठावर उभ्या काठ्या ठेवल्या तरी हेच. वक्ता लोकांकडे तोंड करून उभा राहिला की यजमान देशाचा झेंडा त्याच्या उजव्या हाताला आणि तिरंगा डाव्या हाताला येतो. कार्यक्रमाच्या आधी एका माणसाला मुद्दाम शेवटच्या रांगेत उभं करून खात्री करून घ्यावी.

दोन्ही काठ्या वेगळ्या आणि एकाच उंचीच्या हव्यात. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावत नाहीत, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. एकच काठी मिळाली म्हणून एकाखाली एक दोन झेंडे बांधणं हा त्यावरचा उपाय नव्हे. काठी एकच असेल तर बाहेर यजमान देशाचा झेंडा लावावा आणि तिरंगा हॉलमध्ये उभ्या काठीवर ठेवावा. किंवा दोन्ही झेंडे भिंतीवर सारख्या उंचीला आडवे लावावेत.

चढवताना यजमान देशाचा झेंडा आधी, उतरवताना तो शेवटी. दोन्हीकडे माणसं असतील तर एकाच वेळी चढवले तरी चालतात. राष्ट्रगीतांचा क्रमही तोच ठेवावा: आधी तिथलं, मग ‘जन गण मन’, जे 52 सेकंदांत पूर्ण होतं. ध्वनिफीत आधी वाजवून बघावी. मधली कडवी असलेली, लांबवलेली किंवा तबल्याची साथ घातलेली फीत आयत्या वेळी हाती लागते आणि लोक कुठे थांबायचं ते न कळून चुळबुळत राहतात.

भगव्याचं काय, हा प्रश्न मराठी मंडळात येतोच. तो तिरंग्याच्या काठीवर नको, तिरंग्यापेक्षा उंच नको, झेंडावंदनाच्या जागी अगदी शेजारीही नको. शिवजयंतीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत तो मानाने मिरवावा. राज्याचा, शहराचा किंवा मंडळाचा झेंडा ठेवायचाच असेल तर दोन्ही देशांच्या झेंड्यांनंतर.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट त्या दिवशी सकाळी तपासावी. एखाद्या दुःखद घटनेमुळे अमेरिकेचा झेंडा अर्ध्यावर आणण्याचा आदेश निघालेला असू शकतो. त्या दिवशी शेजारी तिरंगा पूर्ण उंचीवर डौलात फडकत राहिला तर ते फार वाईट दिसतं. एकतर दोन्ही अर्ध्यावर ठेवावेत किंवा तिरंगा हॉलमध्ये लावावा.

झेंडा विकत घेताना

तिरंग्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2 आहे. अमेरिकेत दुकानांतून आणि ऑनलाइन मिळणारे झेंडे बहुतेक 3 फूट × 5 फूट या मापाचे असतात, आणि याच कापडात भारताचाही झेंडा छापून विकतात. तो चुकीचा. 3 फूट रुंदीच्या तिरंग्याची लांबी साडेचार फूट हवी. भारतातल्या प्रमाणित नऊ मापांत याच्या जवळचं माप 1350 × 900 मिलिमीटर आहे. भारतातून येणाऱ्या कुणाकडून तेच मागवलेलं बरं.

दोन देशांचे झेंडे सारख्या आकाराचे हवेत म्हणतात तेव्हा अडचण अशी येते की प्रमाणंच वेगळी आहेत. ब्रिटनचा आणि ऑस्ट्रेलियाचा झेंडा 1:2, अमेरिकेचा अधिकृत 10:19, आपला 2:3. अशा वेळी काठीलगतची उंची सारखी धरावी, लांबीत फरक पडला तरी चालतो. यजमान देशाचा झेंडा लहान आणि आपला मोठा असं मात्र कधीही नको.

हातात आल्यावर आधी चक्र बघावं. आरे 24 हवेत, रंग गडद निळा हवा, आणि चक्र दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं. स्वस्त छपाईत ते एकाच बाजूला ठळक उमटतं आणि मागून फिकट राहतं. तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे आहेत का हे मोजपट्टीने बघावं. झेंड्यावर कुठेही अक्षरं नकोत: मंडळाचं नाव नको, प्रायोजकाचं तर नकोच.

कापडाबाबत 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने भारतातही पॉलिएस्टर आणि यंत्रावर बनवलेला झेंडा मान्य झाला. खादीचा झेंडा दिसतो सुंदर, पण ब्रिटिश पावसात तो पाणी पिऊन जड होतो, काठीला चिकटून लोंबतो आणि घडी घालून ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो. बाहेरच्या काठीला विणीचं पॉलिएस्टर आणि हॉलमध्ये खादी, ही वाटणी सोयीची. 20 फुटांच्या काठीला 3 फूट रुंदीचा झेंडा पुरतो. त्याहून मोठा लावला तर वाऱ्यात भाड्याची हलकी काठी वाकते.

मुलांच्या हातातले छोटे झेंडे कागदाचे घ्यावेत, प्लास्टिकचे नाही, आणि दोन्ही देशांचे सारख्या संख्येने घ्यावेत. 200 वाटले तर 200 परत मोजून घ्यावेत. कार्यक्रम संपल्यावर गवतात पडलेले, पायाखाली आलेले तिरंगे हेच पालिकेचा सफाई कामगार बघतो.

परवानगी

इंग्लंडमध्ये कोणत्याही देशाचा राष्ट्रध्वज लावायला नियोजन खात्याची वेगळी संमती लागत नाही. पण जागेच्या मालकाची परवानगी हवी, झेंडा सुरक्षित बांधलेला हवा आणि रस्त्यावरच्या पाट्या-सिग्नल त्याने झाकता कामा नयेत. दिव्याचा खांब रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो, आणि 2025 चा खांबांवरचा वाद कायद्याच्या अंगाने याच मुद्द्यावर आला. तेव्हा इतरांनी लावले म्हणून आपणही खांबांवर तिरंगे लावावेत हा विचार सोडून द्यावा. हॉल, देवळाचं अंगण, शाळेचं मैदान इथे मालकाचं पत्र घ्यावं आणि ते कागदावर घ्यावं.

अमेरिकेत घरावर झेंडा लावणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. 2005 च्या कायद्याने सोसायट्यांना अमेरिकेचा झेंडा लावण्यावर बंदी घालता येत नाही. या संरक्षणात दुसऱ्या देशाचा झेंडा येत नाही. सोसायटीच्या नियमावलीत मनाई असेल तर तिरंग्यासाठी दंडाची चिठ्ठी येऊ शकते, आणि तो भेदभाव आहे असं म्हणून भांडण्याआधी नियमावली वाचावी.

सिटी हॉलवर तिरंगा चढवायची इच्छा असेल तर अर्ज करण्याआधी शहराचं लेखी झेंडा-धोरण मागून घ्यावं. याचं कारण बॉस्टनच्या खटल्यात आहे. 2005 ते 2017 मध्ये बॉस्टनने सिटी हॉलसमोर निरनिराळ्या संघटनांना 284 समारंभांत सुमारे 50 प्रकारचे झेंडे लावू दिले, पण एका ख्रिस्ती संघटनेला नाही म्हटलं. 2 मे 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना खांब खुला ठेवला तर एखाद्याला त्याच्या मतांसाठी नाकारता येत नाही. तेव्हापासून अनेक शहरांनी बाहेरच्यांना खांब देणंच बंद केलं किंवा नगर परिषदेच्या ठरावाची अट घातली. मागच्या वर्षी मिळाला म्हणून यंदा मिळेलच असं धरून पत्रिका छापू नयेत. अर्ज तीन महिने आधी करावा, कारण ठराव लागला तर तो परिषदेच्या बैठकीतच होतो. बागेसाठी बहुतेक ठिकाणी दायित्व विम्याचं, म्हणजे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, प्रमाणपत्रही मागतात.

बांधणं आणि चढवणं

15 ऑगस्टला झेंडा काठीच्या तळापासून वर चढवतात, 26 जानेवारीला तो आधीच वर बांधून ठेवलेला असतो आणि दोरी ओढून फक्त उलगडतात. परदेशात सोय म्हणून दोन्ही वेळा बांधूनच ठेवतात, पण शक्य असेल तर ऑगस्टमध्ये तळापासून चढवावा. तो भरभर वर न्यावा आणि संध्याकाळी सावकाश उतरवावा.

बांधून ठेवायचाच झाला तर केशरी टोक दोरीच्या वरच्या बाजूला आलंय ना, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं. एक जण बांधतो आणि तोच तपासतो तेव्हाच झेंडा उलटा उलगडतो. गुंडाळी फार आवळू नये. सरकगाठीला एकच वेढा द्यावा. नायलॉनची गुळगुळीत दोरी दोन वेढ्यांत घट्ट बसते, पाहुणे ओढत राहतात आणि झेंडा वर तसाच लटकून राहतो. आत फुलांच्या पाकळ्या घालायला आपल्या कायद्यातही हरकत नाही, पण मूठभरच आणि कोरड्या. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि झेंडूचा डाग निघत नाही. आदल्या संध्याकाळी एका साध्या कापडाने दोन वेळा रंगीत तालीम करावी, कप्पी फिरते का बघावी.

भिंतीवर उभा लावायचा तर समोरून पाहताना केशरी पट्टा डावीकडे येतो. टेबलावर अंथरणं, व्यासपीठाच्या कडेला झालर म्हणून लावणं, गाडीच्या टपावर पसरणं नको. कपड्यावर असेल तर कमरेच्या वर. सजावटीला केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडाच्या पट्ट्या घ्याव्यात, चक्र न काढता.

यजमान देशाचा झेंडा कुणाच्या हातून चढवायचा? तिथेच जन्मलेल्या, तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हातून. तो त्यांचाच झेंडा आहे, आणि नागरिकत्व घेतलेल्या आईवडिलांचाही. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. 2005 नंतर आलेलं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हा व्हिसाच्या जातीचा हक्क आहे, नागरिकत्व नव्हे. अमेरिकेत शपथ घेताना तर आधीच्या देशावरची निष्ठा सोडल्याचं स्पष्ट शब्दांत म्हणावं लागतं. म्हणजे जमलेल्यांपैकी अनेकांना डावीकडचा झेंडा हा पाहुण्याने राखायचा शिष्टाचार नसून स्वतःच्या देशाचा झेंडा असतो. सूत्रसंचालकाने हे भान ठेवून बोलावं. “आपला झेंडा आणि त्यांचा झेंडा” असे शब्द माइकवरून जाऊ देऊ नयेत.

मिरवणूक आणि फोटो

2006 च्या वसंतात अमेरिकेत स्थलांतरितांचे प्रचंड मोर्चे निघाले. पहिल्या मोर्च्यांत मेक्सिकोचे झेंडे खूप होते, त्यावरून गदारोळ झाला, आणि पुढच्या मोर्च्यांसाठी आयोजकांनीच अमेरिकेचे झेंडे आणायला सांगितलं. मागण्या मागे पडल्या आणि चर्चा झेंड्यांची झाली. जून 2025 मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा तेच घडलं. आपली मिरवणूक आनंदाची असली तरी बातमीत जाणारा फोटो एकच असतो. म्हणून सगळ्यात पुढे दोन्ही देशांचे झेंडे शेजारी-शेजारी, चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला यजमान देशाचा, आणि मागे लेझीम, ढोल, बाकी सगळं.

चित्ररथांवर राजकारण नको, भारतातलंही नको आणि तिथलंही नको. ऑगस्ट 2022 मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मिरवणुकीत नेत्यांची चित्रं लावलेला बुलडोझर चालवला गेला. भारतातल्या पाडापाडीची खूण म्हणून तो वाचला गेला आणि आयोजकांना माफी मागावी लागली. प्रत्येक चित्ररथाचा आराखडा दोन आठवडे आधी मागवावा, आणि आराखड्यात नसलेलं काही आलं तर तो रथ सुरुवातीच्या रेषेवरच थांबवण्याचा अधिकार एका नेमलेल्या माणसाला द्यावा. अधिकार समितीला दिला तर ऐनवेळी कुणीच थांबवत नाही.

कुणी वाद घालायला आलं तर

“इथे राहता, इथलं खाता, मग हा झेंडा कशाला?” हा प्रश्न येणार, कधी कुतूहलाने, कधी रागाने. ब्रिटनमध्ये 1990 साली राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी तो क्रिकेटच्या भाषेत विचारला होता: स्थलांतरित कोणत्या संघासाठी टाळ्या वाजवतात? याचं उत्तर कुणी द्यायचं ते आधी ठरवावं. शक्यतो तिथे बरीच वर्षं राहिलेली, तिथली भाषा मोकळेपणी बोलणारी एखादी काकू किंवा काका. उत्तर तीन वाक्यांचं असावं: आज आम्ही जन्मभूमी स्वतंत्र झाली तो दिवस साजरा करतो आहोत, या देशाचा झेंडा आम्ही पहिल्या जागी लावला आहे, तुम्हीही थांबा आणि खाऊन जा. आपण किती कर भरतो, किती डॉक्टर आपले आहेत ही यादी सुरू करू नये. ती खरी असली तरी त्यातून “तुम्ही नसता तर आमचं चाललंच नसतं” असं ऐकू जातं आणि भांडण पेटतं. स्थलांतर किती असावं यावर तिथल्या नागरिकांना मत असण्याचा हक्क आहे. त्या मताला आणि शिवीगाळीला एकाच मापाने मोजू नये.

शिवीगाळ झालीच तर दर 50 माणसांमागे एक स्वयंसेवक असावा, ओळखू येईल असा जॅकेट घातलेला. त्याचं काम फक्त मध्ये उभं राहणं आणि आपल्या माणसांना मागे घेणं. समोरच्याच्या हातातल्या झेंड्याला हात लावायचा नाही, तो जमिनीवर पडला तर उचलून बाजूला नीट ठेवायचा. घोषणेला घोषणेने उत्तर नको. पोलिसांना तारीख, वेळ आणि अंदाजे संख्या दोन आठवडे आधी कळवलेली असावी.

कुणी तिरंग्याचा अपमान केला तर रक्त तापतं. 19 मार्च 2023 ला लंडनच्या उच्चायुक्तालयावरचा तिरंगा आंदोलकांनी खाली ओढला, त्यावर तिथे आणखी मोठा तिरंगा लावण्यात आला. मंडळाने भारतातल्या आणि तिथल्या कायद्यातला फरक समजून घ्यावा. भारतात 1971 च्या कायद्याने राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो कायदा तिथे चालत नाही. अमेरिकेत 1989 च्या निकालानुसार स्वतःच्या मालकीचा झेंडा जाळणं हे मतस्वातंत्र्य आहे, मग तो अमेरिकेचाच असला तरी. आपल्या हातातला झेंडा हिसकावला तर मात्र ती चोरी किंवा हल्ला आहे, आणि तक्रार त्याच शब्दांत नोंदवावी. “आमच्या राष्ट्राचा अपमान झाला” असं लिहिलं तर पोलिसांना कलम सापडत नाही.

घरातल्या वादाचंही बघावं. जमलेल्यांत कुणी गात नसेल, हात जोडत नसेल, घोषणा देत नसेल. शेजारची पाकिस्तानी, बांगलादेशी कुटुंबंही पाहुणी म्हणून आलेली असतात. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात 1986 साली आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की जो आदराने उभा राहतो पण राष्ट्रगीत गात नाही, तो अपमान करत नाही. माइकवरून कुणालाही टोकू नये.

उतरवल्यावर

झेंडा जमिनीला लागू न देता दोघांनी झेलावा. ओला असेल तर घडी घालायचीच नाही. हॉलमध्ये किंवा कुणाच्या घरी दांडीवर पसरून पूर्ण वाळवावा. घडी घालताना आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडावा, मग दोन्ही बाजूंनी पांढरा असा आत घ्यावा की वर फक्त चक्र आणि थोडा केशरी-हिरवा भाग दिसेल. तो तळहातांवर न्यावा. अमेरिकेचा झेंडा त्रिकोणी घडीचा असतो. ती येणारा एक तरी माणूस हवा, शाळेत स्काउटमध्ये असलेल्या मुलांना ती नेमकी येते.

फाटलेला किंवा विटलेला तिरंगा कचऱ्यात टाकत नाहीत. तो एकांतात, आदराने, पूर्णच नष्ट करतात, शक्यतो जाळून. खादी घरामागच्या अंगणात, स्थानिक आगीचे नियम बघून जाळता येते. पॉलिएस्टर जाळू नये, ते वितळतं आणि विषारी धूर होतो. ते कोऱ्या सुती कापडात गुंडाळून स्वतःच्या मालकीच्या जमिनीत पुरावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जुने झेंडे मंडळाकडे द्यावेत, वर्षातून एकदा एकत्र काम होतं. यजमान देशाचा फाटलेला झेंडाही याच काळजीने हाताळावा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांची स्थानिक केंद्रं असे झेंडे घेतात, तिथे तो नेऊन द्यावा.